ढेकूण लपवला की वाढतो
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला पंधरा-वीस मिनिटं बोलायला सांगितलं तेव्हा विषयही सुचवला होता. 'निवृत्तीनंतरचे आर्थिक नियोजन'. बँकेत आयुष्य गेलेला माणूस, दुसरं काय बोलणार, असं त्यांना वाटलं असावं. मी म्हटलं, आर्थिक नियोजनावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी ढेकणांवर बोलतो. सचिव क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काका, स्मरणिकेत छापायचं आहे हो!" मी म्हटलं, छापाच. पंचवीस वर्षांत आपण पाण्याची टाकी बांधली, गच्चीची गळती काढली, पार्किंगवरून भांडलो आणि पुन्हा एकत्र जेवलो. हे सगळं कोणीतरी लिहीलच. पण २०१२ साली आपल्या इमारतीत जे झालं ते लिहायला कोणी पुढे येणार नाही. आणि ते लिहायची जबाबदारी माझीच आहे. का, ते पुढे कळेल.

आधी ढेकणाची थोडी ओळख करून देतो, कारण आजच्या मुलांनी तो पाहिलेलाच नाही, आणि पाहिला तरी ओळखणार नाहीत. सफरचंदाच्या बीएवढा, चपटा, तांबूस तपकिरी. रक्त प्यायल्यावर फुगून गडद लाल होतो. त्याला उडता येत नाही, उडी मारता येत नाही. फक्त चालतो. दिवसभर खाटेच्या फटीत बसतो आणि रात्री, बहुतेक वेळा पहाटेच्या गाढ झोपेत, आपल्या श्वासाचा आणि अंगाच्या उबेचा माग काढत येतो. पाच-दहा मिनिटांत पोट भरून परत फटीत. आपण जागे होऊन दिवा लावेपर्यंत साहेब घरी पोचलेले असतात. संस्कृतात त्याला मत्कुण म्हणतात. देवसुद्धा ढेकणांच्या भीतीने घरदार सोडून भलत्याच ठिकाणी झोपायला गेले, अशी थट्टा जुन्या कवींनी करून ठेवली आहे. म्हणजे दुखणं जुनं आहे.

माझं बालपण जव्हारचं. घराच्या भिंती कारवीच्या कुडाच्या, वरून शेणामातीने लिंपलेल्या. लिंपण सुकून भेगा पडल्या की त्यात ढेकणांची वस्ती. आमची आजी उन्हाळ्यात खाट अंगणात काढायची, उलटी करायची आणि सांध्यासांध्यांत उकळतं पाणी ओतायची. आम्ही पोरं भोवती बसून मोजायचो. मग डीडीटीवाले यायला लागले. देशात १९५३ साली मलेरिया नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला होता, त्याची ती फवारणी. पाठीवर पंप, भिंतीवर पांढरा फवारा, आणि जाताना दारावर तारीख. औषध मारायचं डासांसाठी, पण लोक खूश व्हायचे ते ढेकूण मरतात म्हणून! पुढे मात्र गंमत झाली. ढेकूण त्या औषधाला सरावले. हे काही आपल्याकडेच झालं नाही. हवाई बेटांवर पर्ल हार्बरला १९४७ सालीच डीडीटीला न जुमानणारे ढेकूण सापडले होते. मग लोक म्हणायला लागले, फवारणी नको, ढेकूण उलट वाढतात. मलेरियाचे कर्मचारी दारातून परत जायचे.

हे सांगतो अशासाठी की दोन गोष्टी तेव्हाच शिकायला हव्या होत्या. पहिली, नुसत्या औषधाने ढेकूण जात नाही. दुसरी, ढेकूण गरिबाच्याच घरी असतो हा समज खोटा आहे. २०२३ साली पॅरिसमध्ये, ऑलिंपिकच्या आदल्या वर्षी, ढेकणांची केवढी ओरड झाली ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. न्यूयॉर्क, लंडन, सिडनी, सगळीकडे गेल्या पंचवीस वर्षांत ढेकूण परतले आहेत. त्याला अस्वच्छता लागत नाही. त्याला लागतं झोपलेलं माणूस आणि एक फट. राजाचा पलंग असो नाहीतर मजुराची गोधडी.

आता आपल्या इमारतीचं सांगतो.

मी २०११ च्या मे महिन्यात निवृत्त झालो. शेवटची काही वर्षं मी मुंबईच्या एका उपनगरात भाड्याच्या खोलीत एकटा राहत होतो, कुटुंब इथे मोखाड्यात. येताना टेम्पोत तिथलं सामान भरलं. त्यात एक पेटीचा दिवाण होता, जुन्या बाजारात स्वस्तात घेतलेला. सागवानी, भक्कम. मला त्याचा फार अभिमान. त्याच वर्षी मी सोसायटीचा खजिनदार झालो. आणि गणपतीनंतर सोसायटीच्या चार सतरंज्या ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी म्हटलं, माझ्या दिवाणाच्या पेटीत ठेवा. कोजागिरीला त्या काढल्या, परत ठेवल्या. हळदीकुंकवाला काढल्या, परत ठेवल्या. मुलं त्याच्यावर लोळली, बायका पर्स टेकून बसल्या. लक्षात येतंय ना?

दिवाळीच्या सुमाराला मला अंगावर गांधी उठायला लागल्या. ओळीने तीन-चार, दंडावर, पायावर. डॉक्टर म्हणाले अंगावर पित्त आलंय. वांगं बंद केलं, सुकट बंद केली. आमच्या सौभाग्यवतींना मात्र काहीच नाही. म्हणून मला वाटलं, घरात ढेकूण कसे असतील, असते तर तिलाही चावले असते. हे अगदी चुकीचं आहे बरं का. ढेकूण दोघांनाही चावतो. पण काहींच्या कातडीवर काहीच उमटत नाही. एकाच गादीवरच्या दोघांपैकी एक रात्रभर खाजवतो आणि दुसरा म्हणतो, तुझ्या मनाचे खेळ.

२०१२ च्या जानेवारीपर्यंत चार घरांत तक्रार सुरू झाली. आणि मग जिन्यात कुजबुज सुरू झाली. "कामवालीच आणते."

ती ताई इमारतीतल्या चार घरी धुणीभांडी करायची. आमच्याकडेही. जवळच्या पाड्यावरची. तिचे दीर-जाऊ दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे आणि पावसाआधी परत यायचे, आपल्या तालुक्यातली किती घरं जातात तशीच. तेवढं कारण पुरलं. भट्टीवरून बोचकं आलं, बोचक्यातून ढेकूण आले, ते हिच्या पदराला लागून आपल्याकडे आले. एवढी साखळी कोणी न पाहता तयार झाली. फेब्रुवारीत चार घरांची छोटी बैठक झाली, माझ्याच हॉलमध्ये. ठरलं की तिला सध्या येऊ नको म्हणून सांगायचं. कारण सांगायचं नाही, पण अशा गोष्टी कळतातच.

आता जे सांगतो ते आजवर मोजक्या लोकांनाच माहीत आहे. त्या बैठकीच्या आठवडाभर आधी मी दिवाणाचा एक सैल स्क्रू आवळायला बसलो होतो. फळी सरकवली आणि आतल्या खाचेत पाहिलं तर काळ्या ठिपक्यांची रांग, वाळलेल्या पापुद्र्यांसारख्या काती, मोहरीहून बारीक पांढुरकी अंडी, आणि एकमेकांना चिकटून बसलेले दहा-पंधरा ढेकूण. ती काही आठ-दहा दिवसांची वस्ती नव्हती. मला त्या क्षणी कळलं, हे माझ्या टेम्पोतून आले. माझ्या दिवाणातून सतरंज्यांत गेले आणि सतरंज्यांतून घरोघरी. मी रॉकेलचा बोळा फिरवला, फळी बसवली आणि उठलो. बायकोलाही सांगितलं नाही. आणि आठवड्याने त्याच दिवाणावर बसून त्या बैठकीत मी गप्प राहिलो.

गप्प राहिलो म्हणजे काय, मान हलवली. खजिनदार होतो ना. माझ्या घरी ढेकूण निघाले म्हटलं तर लोक काय म्हणतील, याची लाज वाटली.

बँकेत आम्ही एक गोष्ट वारंवार पाहिली. हप्ता थकला की चांगला माणूसही शाखेच्या समोरून जायचं टाळतो. लवकर आला असता तर काहीतरी मार्ग निघाला असता. तो येत नाही, व्याजावर व्याज चढतं. ढेकणाचा हिशेब तसाच चक्रवाढीचा. एक मादी रोज दोन-चार अंडी घालते, आयुष्यात दोनशेहून अधिक. आपल्याकडच्या उबेत आठवडा-दहा दिवसांत अंडी फुटतात. पिल्लू पाच वेळा कात टाकतं, प्रत्येक वेळी त्याला रक्त लागतं, आणि महिना-दीड महिन्यात ते मोठं होऊन अंडी घालायला लागतं. अन्न नाही मिळालं तर काही महिने उपाशी राहू शकतं. मी तीन महिने गप्प राहिलो. म्हणजे किती पिढ्या, ते तुम्हीच मोजा.

ताईचं येणं बंद झालं, ढेकूण काही बंद झाले नाहीत. एप्रिलपर्यंत बारापैकी नऊ घरांत पोचले. आणि प्रत्येक घर गुपचूप आपापला उपाय करत होतं. कोणी रात्री दुसऱ्या खोलीत झोपायला लागलं. तो तर सगळ्यात वाईट उपाय, कारण ढेकूण माणसाच्या मागोमाग त्या खोलीत जातात. कोणी गादी रात्री गुपचूप जिन्याखाली आणून टाकली, ती दुसऱ्याच कोणीतरी उचलून नेली. आणि एका घराने आठवडी बाजारातून बिनलेबलची पांढरी पावडर आणून गादीखाली पसरली. त्यांची चार वर्षांची मुलगी त्या गादीवर झोपली. सकाळी उलट्या, डोळे फिरवायला लागली. दोन रात्री दवाखान्यात काढल्या. देवदयेने वाचली. ती आज पुढच्याच रांगेत बसली आहे, यंदा बारावीला आहे. तिच्या आई-वडिलांच्या परवानगीने सांगतो आहे. ते आई-वडील लाजले म्हणून कोणाला न विचारता पावडर घेऊन आले. आणि ते लाजले, कारण लाजायची रीत आम्हीच त्या बैठकीत घालून दिली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पहाटे मी सौभाग्यवतींना उठवून सगळं सांगितलं. तिने दिवाणाची फळी उघडून बघितली. मग एकच बोलली, "तीस-पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या तपासल्यात तुम्ही. आता स्वतःची खोटी सही कशी काय चालली?" बँकेतल्या कुठल्याही मेमोने मला एवढं लागलं नव्हतं.

पंचतंत्रात एक गोष्ट आहे. राजाच्या पलंगात एक ऊ राहत होती, मंदविसर्पिणी नावाची. राजा झोपल्यावर हळूच रक्त प्यायची, कोणाला कळायचं नाही. तिथे अग्निमुख नावाचा ढेकूण पाहुणा म्हणून आला. त्याला धीर नव्हता, राजा जागा असतानाच चावला. राजा ओरडला, नोकरांनी दिवे आणून पलंग शोधला. ढेकूण पटकन फटीत शिरला आणि ऊ सापडली. मारली गेली. लहानपणी या गोष्टीचं तात्पर्य शिकवलं होतं की अनोळखी पाहुण्याला थारा देऊ नये. मला आता त्यात दुसरंच दिसतं. चावला एक आणि सापडली ती मेली. फटीत बसलेला अग्निमुख मी होतो.

आम्ही दोघं दुसऱ्या दिवशी पाड्यावर गेलो. उन्हाची वेळ, ती हंडे घेऊन टँकरच्या रांगेतून नुकतीच आली होती. तिने पाणी दिलं. टंचाईच्या दिवसांत दिलेलं ते पाणी घशाखाली उतरेना. मी सांगितलं, ढेकूण आमच्या दिवाणातले होते, तुझ्यावर खोटा आळ आला, आणि मला ठाऊक असून मी बोललो नाही. ती काही वेळ गप्प राहिली. मग सौभाग्यवतींकडे बघून म्हणाली, "काकू, दिवाळीत तुम्ही गोधडी दिली होती ना मला? तिच्यात होते ढेकूण. मी बाहेरच्या बाहेर पाणी उकळलं आणि भिजत घातली, आठ दिवस मांडवावर उन्हात टाकली, मग घरात घेतली."

म्हणजे तिच्यामुळे आमच्याकडे ढेकूण आले नव्हते. आमच्यामुळे तिच्याकडे गेले होते. आणि तिने ते दारातच अडवले होते, जे आम्हाला बारा सुशिक्षित घरांना जमलं नाही.

मी विचारलं, "मग तेव्हाच सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "साहेब, सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

मग मी बँकवाल्यासारखा हिशेब केला. चार घरं, महिन्याला चारशे रुपये, तीन महिने, म्हणजे ४,८०० रुपये. मी सोसायटीची सभा बोलावली, उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. काही जण चिडले, आणि ते बरोबरच होतं. एक गृहस्थ वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. चारही घरांनी आपापले बाराशे दिले आणि ते पैसे तिला नेऊन दिले. तिने मोजून घेतले. पुढे ती इमारतीत दोन घरी कामाला परत आली. आमच्याकडे मात्र आली नाही. तो तिचा हक्क होता. आज हे सांगण्याआधी मी तिला विचारलं. ती म्हणाली, सांगा, पण माझं नाव नको.

मंडळी, त्यानंतर आपण जे केलं ते मात्र अभिमानाने सांगण्यासारखं आहे. नवीन राहायला आलेल्या कुटुंबांसाठी जरा सविस्तर सांगतो, कारण हे उपयोगी पडेल.

पहिलं, सगळ्या बारा घरांची एकाच दिवशी तपासणी. ज्यांच्याकडे नाहीत त्यांचीही. दोघादोघांच्या जोड्या, हातात बॅटरी आणि जुनं एटीएम कार्ड. फटीत कार्ड फिरवलं की लपलेला बाहेर येतो. कुठे बघायचं? गादीची शिवण आणि कोपरे, खाटेचे सांधे, स्क्रूची भोकं, दिवाणाची पेटी, प्लास्टिकच्या खुर्चीची खालची बाजू, पडद्याची दुमड, भिंतीवरच्या तसबिरींच्या मागे, स्विचबोर्डाची कड. चादरीवर पेनाच्या टिंबासारखे काळे डाग दिसले की समजायचं.

दुसरं, ऊन. आपल्याकडे पावसात जूनपासून गणपतीपर्यंत गादी वाळायचं नाव नाही. ऊन आहे ते मार्च ते मे, पण तेव्हा पाणी नाही. टँकरच्या पाण्यात बारा घरांचे कपडे उकळायचे कुठून? म्हणून आपण गच्ची वापरली. कपडे, चादरी, उशा काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत तोंड घट्ट बांधून दिवसभर कडक उन्हात, दुपारी उलटून पुन्हा. ढेकूण आणि त्याची अंडी पन्नास अंशांच्या उष्णतेत टिकत नाहीत, आणि बंद काळ्या पिशवीत मे महिन्यात तेवढं तापतं. पिशव्या गच्च भरायच्या नाहीत, नाहीतर मधल्या कपड्यांपर्यंत ऊन पोचत नाही. जाड गादीला मात्र हा उपाय पुरत नाही, तिच्या पोटात ऊन शिरत नाही. तिला चेनचं बंद कव्हर घालायचं आणि ते वर्षभर काढायचं नाही. आतले आतच उपाशी मरतात. पाणी वापरायचं ते फक्त खाटांच्या सांध्यांसाठी, उकळतं. माझ्या आजीची पद्धत. रॉकेल नको, आग लागते. मी केलं ते करू नका.

तिसरं, खाट भिंतीपासून वीतभर दूर आणि तिचे चारही पाय गुळगुळीत वाडग्यांत, आत थोडी टाल्कम पावडर. ढेकणाला गुळगुळीत उभ्या कडेवर चढता येत नाही. लोंबती चादर मात्र जमिनीला टेकता कामा नये, नाहीतर आपणच शिडी लावल्यासारखं. भिंतीच्या भेगा पांढऱ्या सिमेंटने बुजवल्या.

चौथं, औषध. ते आपण नाशिकहून परवानाधारक माणूस बोलावून मारून घेतलं. आपल्याकडे १९६८ चा कीटकनाशक कायदा आहे, कोण काय विकू शकतो आणि वापरू शकतो ते ठरलेलं आहे. परवाना मागून बघायला लाजायचं नाही, आम्ही कर्ज देताना सातबारा मागतोच की. फवारणी एकदा करून भागत नाही. अंड्यांवर औषध फारसं चालत नाही, म्हणून ती फुटल्यावर बारा-पंधरा दिवसांनी दुसरी फेरी हवीच. आपण तीन केल्या. सगळ्या घरांत, एकाच दिवशी. एक घर सोडलं की तिथून पुन्हा सुरुवात.

आणि पाचवं, हात जोडून सांगतो. धान्यात ठेवायची गोळी, ॲल्युमिनियम फॉस्फाइडची, ती ढेकणांसाठी घरात कधीही आणू नका. तिच्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू निघतो. त्यावर उतारा नाही. तो वायू फटीतून शेजारच्या घरात जातो आणि झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. ती गोळी राहत्या घरासाठी नाहीच. ढेकूण चावून माणूस मरत नाही. खाज येते, झोप जाते, लाज वाटते, पण तो रोग पसरवतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी मद्रासला पॅटन नावाच्या डॉक्टरांना काळा आजार ढेकणामुळे होतो अशी शंका होती. बरीच वर्षं तो आळ ढेकणावर राहिला. शेवटी १९४२ साली सिद्ध झालं की दोषी वाळूमाशी आहे. बघा, खोटा आळ ढेकणावरसुद्धा येतो! तेव्हा ढेकूण मारण्यासाठी माणसाचा जीव धोक्यात घालू नका.

जुलैपर्यंत आपली इमारत मोकळी झाली. माझा दिवाण मी तोडला. कोणाला दिला नाही, जिन्याखाली टाकला नाही. फळ्या वेगळ्या केल्या आणि मोकळ्या जागेत जाळल्या. जुनी गादी टाकायची असेल तर आधी फाडून टाका, म्हणजे कोणी गरजू माणूस ती उचलून नेणार नाही. आणि कोणाला जुनं अंथरूण द्यायचं असेल तर धुऊन, तापवून, आपण स्वतः वापरू असं करून द्या. दान म्हणून आपली पीडा दुसऱ्याच्या घरी पाठवू नका.

तेव्हा सभेने एक ठराव केला. सचिवांनी परवा मला तो जुन्या इतिवृत्तात दाखवला, म्हणून तर हे बोलायचं सुचलं. ठराव साधा आहे. ज्याच्या घरी ढेकूण दिसेल त्याने त्याच दिवशी सचिवांना सांगावं, आणि कोणीही त्याला 'कुठून आणले' असं विचारू नये. शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. कुठून आले ते शोधायचं आहेच, पण बॅटरी घेऊन फटीत शोधायचं. माणसांत नाही.

याचा उपयोग गेल्या दिवाळीत झाला. आपल्यातल्या एका मुलाने पुण्याच्या होस्टेलवरून येताना बॅगेतून ढेकूण आणले. त्याच्या आईने संध्याकाळी बॅगेच्या शिवणीत बघितलं आणि रात्री आठला सचिवांना फोन केला. बॅग आणि कपडे काळ्या पिशवीत बांधून गच्चीवर गेले, एक खोली तपासली, बारा दिवसांनी पुन्हा तपासली. संपलं. २०१२ साली नऊ घरं आणि सहा महिने लागले होते, आता एक बॅग आणि दोन आठवडे. फरक एवढाच की त्या माउलीला फोन करायला लाज वाटली नाही.

बोहाड्याच्या दिवसांत आपल्याकडे पाहुण्यांची रीघ लागते. मुलं आश्रमशाळेतून, होस्टेलवरून येतात, आपणही लग्नाकार्याला बाहेर जातो. पाहुण्यांना संशयाने बघू नका. फक्त सगळ्यांच्याच बॅगा, आपल्याही, पलंगावर न ठेवता स्टूलवर किंवा लोखंडी कपाटाजवळ ठेवा. परत आल्यावर कपडे आधी बाहेर झटका. एवढी सवय पुरे.

पंचवीस वर्षांत या इमारतीने मला पुष्कळ दिलं. माझी चूक ऐकून घेतली आणि तरीही मला शेजारी म्हणून ठेवून घेतलं, हे सगळ्यात मोठं. ते गृहस्थ, जे वर्षभर बोलत नव्हते, ते आज माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले आहेत आणि मघापासून घड्याळाकडे बघत आहेत. तेव्हा थांबतो.

घरी गेल्यावर आज रात्री झोपण्यापूर्वी एकदा गादीचा कोपरा उचलून बघा. काही दिसलं तर सचिवांचा नंबर नोटीस बोर्डावर आहे. आणि त्यांना सांगायला संकोच वाटला तर माझं दार वाजवा. माझ्याइतकं या विषयात लाजून झालेलं इथे दुसरं कोणी नाही.